बाबांचा सा आणि आमचा कोरस

बार्बरशॉप कोरस म्हणजे निवृत्त गोऱ्या लोकांनी रेघांची जाकिटं घालून केलेली करमणूक, असं माझं ठाम मत होतं आणि ते मी हॉलमध्ये पाऊल टाकायच्या आधीच बनवलेलं होतं. ऑकलंडमधल्या हेन्डरसनच्या त्या कम्युनिटी हॉलमध्ये मी गेले होते पत्रकं ठेवायला. भाड्याच्या घरांतली ओल, भिंतींवरची काळी बुरशी, पोरांचे महिनोन्‌महिने न थांबणारे खोकले, आणि "खिडक्या उघड्या ठेवत जा" एवढं सांगून हात झटकणारे घरमालक. आमची मोहीम याबद्दल होती, अजून आहे. पत्रक लिहायला शिकवतात तेव्हा पहिली गोष्ट सांगतात की मागणी वर आली पाहिजे, शोधायला लागता कामा नये. म्हणून इथेही वरच लिहिते. माझ्या बाबांना त्या कोरसच्या रांगेत उभं राहून गायचं होतं, आणि कोरस त्यांना उभं करत नव्हता.

बाबा त्या संध्याकाळी बाहेर गाडीत बसले होते. हॉस्पिटलच्या फार्मसीतून निवृत्त होऊन त्यांना एक हिवाळा झाला होता. तेवढ्यात त्यांनी स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांवर एक्स्पायरी डेटसकट लेबलं चिकटवली होती आणि शेजाऱ्यांचीसुद्धा हेज कापून दिली होती. आई अजून नर्सची नोकरी करते, पाळ्या करते. ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "ह्यांना कुठेतरी नेत जा गं. मी नाइट करून येते, जरा डोळा लागतो, आणि हे दार हळूच उघडून विचारतात, झोपलीस का." तेव्हापासून पत्रकं वाटायला मी चालत आणि बाबा गाडी घेऊन, अशी आमची जोडी होती.

बाबा गातात. पुण्यात असताना बरीच वर्षं रीतसर शिकले. ऑकलंडला आल्यावर आमच्या मंडळाच्या गणपतीत दर वर्षी त्यांचं एक गाणं ठरलेलं असायचं. मग नवीन मंडळी आली, तयार ट्रॅकवर गाणारी, पाठीमागे स्क्रीन वगैरे लावून. "काका, पुढच्या वर्षी नक्की हं," असं काही वर्षं ऐकल्यावर बाबांनी जाणं सोडलं. कोणी वाईट वागलं नव्हतं. त्यामुळे भांडायलाही जागा नव्हती, आणि माझा राग नेमका त्याच्यावर होता.

हॉलमध्ये मी पत्रकं टेबलावर ठेवत होते तेव्हा कोरसच्या डायरेक्टरबाई माझ्याजवळ आल्या. शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेल्या, बुटक्या, गळ्यात रिबिनीला पिच पाइप बांधलेला. पिच पाइप म्हणजे तळहातात मावणारी गोल बाजाची पेटी म्हणा. हवा तो सूर फुंकायचा आणि मग गप्प. पुढचं सगळं गाणं वाद्याशिवाय.

"बाहेर गाडीत एक गृहस्थ बसलेत ते तुझे कोण?"

"वडील."

"पाऊस येतोय. आत आण त्यांना. पत्रक वाचेन मी, पण आधी त्यांना आण."

बाबा आत येऊन मागच्या खुर्चीवर बसले. पुढे चौघं एकमेकांच्या अगदी जवळ उभे राहून कुठल्याशा गाण्याचा नुसता शेवट गात होते. बार्बरशॉपवाल्यांची ही आवडती सवय आहे. अख्खं गाणं बाजूला ठेवायचं आणि शेवटच्या दोन ओळी, ज्यांना ते टॅग म्हणतात, पुन्हा पुन्हा गायच्या, कारण सगळी मजा तिथे साठवलेली असते. आवाज चार. लीड चाल गातो. टेनर त्याच्या वर, बारीक. बास खाली, पाया धरून. आणि बॅरिटोन उरलेलं गातो, म्हणजे तिघांनी जे सूर घेतले नाहीत ते.

बाबा गुणगुणायला लागले. त्यांना वाटलं मनातल्या मनात चाललंय.

बासचा लीडर वळला. मनुरेवातल्या एका शाळेचा डेप्युटी प्रिन्सिपल, मूळचा सामोआ बेटांवरचा, दारातून आत येताना आधी खांदे येतात आणि मग तो. "मागे कोण आहे?" तो म्हणाला. "तळघरातून आवाज आल्यासारखा येतोय."

त्या आठवड्यात बाबा बासमध्ये गेले. डायरेक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, मी गात नाही.

"उत्तम," बासचा लीडर म्हणाला. "बॅरिटोनला तसंच कोणीतरी लागतं."

तेव्हापासून दर मंगळवारी आम्ही दोघं. मला बासचा लीडर 'लीफलेट' म्हणायचा आणि बाबांना 'केमिस्ट'. इथे फार्मासिस्टला केमिस्टच म्हणतात, तरी बाबांना ते टोपणनाव मिळाल्यासारखं वाटायचं. घरी ते गॅरेजमध्ये, वॉशिंग मशीन आणि जुन्या सुटकेसच्या मधल्या जागेत उभे राहून रियाज करायला लागले. इंग्रजी शब्दांखाली त्यांनी देवनागरीत सरगम लिहून काढली होती. बासच्या सुरांची संपूर्ण वही तयार झाली. आई म्हणाली, "बरं झालं. आता दार उघडत नाहीत. नुसती भिंत हलते."

कोरसमध्ये लोकशाहीचा पत्ता नव्हता, हे मी पहिल्याच महिन्यात बोलून दाखवलं. कुठली गाणी घ्यायची ते डायरेक्टरबाई ठरवणार, कोण कुठे उभं राहणार ते त्या ठरवणार, तोंड किती उघडायचं तेसुद्धा त्या ठरवणार. चहाच्या वेळी मी म्हटलं, निदान गाणी तरी मतदानाने ठरवा. बाई स्कोनला लोणी लावत म्हणाल्या, "जरूर. जेव्हा हे सगळे एका वेळी श्वास घ्यायला शिकतील तेव्हा मतदान घेऊ." सगळे हसले. मी हसले नाही. बाबा हसले, याचा मला जास्त राग आला.

मग आली चौकडीची परीक्षा. वसंतात शहराच्या दुसऱ्या टोकाला, अल्बनीला स्पर्धा होती, इतर गावांचे कोरस येणार होते. त्यासाठी आमच्याकडे नियम असा की स्पर्धेच्या गाण्यात ज्याला उभं राहायचं आहे त्याने आधी एकट्याने आपला आवाज धरून दाखवायचा. हॉलच्या मागच्या स्वयंपाकघरात चौघं जायचे, प्रत्येक आवाजाचा एकेक. शेजारी आपल्या आवाजाचं कोणी नाही, लपायला जागा नाही. डायरेक्टरबाई सिंकपाशी उभ्या राहून फोनवर रेकॉर्ड करायच्या. जमलं तर रायझरवर, म्हणजे त्या लाकडी पायऱ्यांवर, तुमची जागा पक्की. नाही जमलं तर स्पर्धेच्या दिवशी प्रेक्षकांत बसून टाळ्या वाजवायच्या.

मी पहिल्याच फेरीत पास झाले. मी, जिने आयुष्यात घोषणा सोडून काही गायलं नव्हतं.

बाबा नापास झाले.

बाई बाहेर येऊन म्हणाल्या, "सूर बरोबर आहेत तुमचे. एकही चुकलेला नाही. पण चौकडी जुळत नाहीये. पुन्हा करू." बास लीडर बाबांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "अजून नाही, केमिस्ट." बाबांनी मान डोलावली आणि आत जाऊन सगळ्यांचे कप विसळत बसले. कप आधीच विसळलेले होते.

गाडीत ते फक्त एवढंच म्हणाले, "तुझं झालं ना. छान झालं."

आता कोणी मला सांगावं की सूर बरोबर असलेला माणूस गाण्यात नापास कसा होतो. मला कारण पाहिजे होतं आणि कारण कोणी देत नव्हतं. मला एकच दिसत होतं. बाबांना मंडळाने जसं हसत हसत बाहेर काढलं, तसंच इथे चाललं होतं. रायझरवरच्या रांगा बघितल्या की पांढरे केस आणि पांढरे चेहरे, मध्ये आम्ही तीन-चार जण कोथिंबीर भुरभुरल्यासारखे. मी त्या शनिवारी पत्रक लिहिलं. ओलीच्या मोहिमेचा पिवळा कागद उरला होता तो वापरला. मथळा दिला: 'सूर बरोबर, माणूस चूक?' खाली चार मागण्या. परीक्षक एकापेक्षा जास्त हवेत. नापास केलं तर कारण लेखी द्या. रेकॉर्डिंग गाणाऱ्याला ऐकायला द्या. आणि रांगांमध्ये कोण आहे, कोण नाही, यावर सभा घ्या.

मंगळवारी चहाच्या टेबलावर, लोकांनी आणलेल्या प्लेटांच्या मध्ये, चीज स्कोन आणि बाबांच्या चकल्यांच्या शेजारी मी ती पत्रकं ठेवली. बाबांना सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर ठेवता आली नसती.

बास लीडरने एक उचललं आणि शाळेच्या असेंब्लीत वाचतात तसं संपूर्ण मोठ्याने वाचून काढलं. वाचून झाल्यावर कागदाची घडी घातली.

"लीफलेट, या बाईंनी मला दोनदा नापास केलंय. दुसऱ्या वेळी माझी बायको बाहेर पार्किंगमध्ये केक घेऊन उभी होती. 'अभिनंदन' लिहिलेला."

"कारण सांगितलं होतं?"

"नाही." तो बाईंकडे वळला. "आणि तिसरा, रेकॉर्डिंगचा मुद्दा पोरीने बरोबर लिहिलाय. मला अजून माहीत नाही मी काय चुकलो होतो."

"तू सगळ्यांना झाकून टाकत होतास," बाई म्हणाल्या. "मला वाटलं तुला कळलं असेल."

"मला कसं कळणार? मी आत होतो ना, त्या आवाजाच्या."

लोक हसले, पण जरा जपून. बाईंनी चष्मा काढून पत्रक पुन्हा वाचलं. मग मला म्हणाल्या, "पहिल्या दोन मागण्या मला मान्य नाहीत. रेकॉर्डिंगची मान्य आहे, ते मी आधीच द्यायला हवं होतं. आणि चौथी. तुला जे दिसतं ते मलाही दिसतं, ते खोटं नाही, सभा घे, मी येईन. पण तुझ्या वडिलांच्या बाबतीत कारण ते नाही. कारण काय आहे ते मला अजून सापडलेलं नाही. म्हणून मी सांगितलं नाही."

मला हे उत्तर नको होतं. मला भांडण हवं होतं, मी त्याची तयारी करून गेले होते.

बाबा गरम पाण्याची किटली हातात घेऊन उभे होते. ती त्यांनी कधी खाली ठेवली मला कळलं नाही. आम्ही गाडीत जाऊन बसलो.

"माझ्यावर पत्रक काढलंस," ते म्हणाले.

"तुमचं नाव कुठेही नाही."

"हॉलमध्ये नापास झालेला दुसरा कोण आहे? नाव घालायची गरज काय?"

"मग काय करायचं होतं? गप्प बसायचं? मंडळात गप्प बसलात, काय झालं?"

"ते माझं मी बघेन."

"बघत नाही ना तुम्ही. बघत असता तर—"

मी चावी फिरवली आणि गाडीच्या चारही स्पीकरमधून तानपुरा सुरू झाला. प सा सा सा, प सा सा सा, संथ, खणखणीत, सीट हलतील एवढा. बाबांनी घाईने खिशातला फोन काढून बंद केला.

"हे काय होतं?"

"तानपुरा."

"तो मला कळला. आत्ता कुठून आला?"

बाबांनी डाव्या कानातून छोटासा इअरबड काढला आणि त्याच्याकडे असं पाहिलं जणू तो दुसऱ्या कोणाचा आहे. तेव्हा उलगडलं. तालमीत, परीक्षेत, पहिल्या मंगळवारपासून बाबा कानात तानपुरा लावून गात होते. गाण्याची पट्टी बघायची, फोनवर तीच लावायची, फोन खिशात. गाडी सुरू झाली की फोन आपला आपण गाडीला जोडला जातो, म्हणून आज तो बोलला. एरवी बाबा बाहेर पडायच्या आधी बंद करायचे, आज रागात राहून गेलं. ते येताजाता कानात काहीतरी घालून असतात हे मला माहीत होतं, मला वाटायचं क्रिकेटची कॉमेंटरी. कोरसमधल्या लोकांना, नंतर कळलं, वाटायचं कानाचं मशीन आहे. आणि तसल्या गोष्टीबद्दल ही माणसं मरेपर्यंत विचारणार नाहीत.

"तानपुऱ्याशिवाय कोणी गातं का?" बाबा म्हणाले. "ती बाई एकदा पीऽप करते आणि बंद करते. मग सा धरायचा कशाला?"

रेकॉर्डिंग बाईंनी त्याच संध्याकाळी पाठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ते जेवणाच्या टेबलावर ऐकलं. आई नुकतीच पाळीवरून आली होती, युनिफॉर्ममध्येच उपमा खात होती. सुरुवातीला चौघं छान. मग गाण्याच्या मध्यावर कुठेतरी कानाला बोचायला लागलं. शेवटी तर दोन रेडिओ एकदम लावल्यासारखं झालं. बाबांनी शेजारी माझ्या फोनवर तानपुरा लावला आणि पुन्हा ऐकवलं. त्यांचा आवाज तानपुऱ्याशी शेवटपर्यंत चिकटलेला होता. बाकीचे तिघं हळूहळू, एकमेकांचा हात धरून जिना उतरावा तसे खाली गेले होते.

"बघ," बाबा म्हणाले. "मी जागेवर आहे. उतरले ते."

मला इतका आनंद झाला की मी टाळी वाजवली. पुरावा होता. नापास करायचं असेल तर तिघांना करा. माझ्या डोक्यात दुसऱ्या पत्रकाचा मथळासुद्धा तयार झाला.

आई म्हणाली, "म्हणजे तिघं एकत्र गेले आणि हे एकटे राहिले."

"मी बरोबर राहिलो," बाबा म्हणाले.

"तेच म्हणतेय मी. लग्न झाल्यापासून तेच ऐकतेय."

पुढच्या मंगळवारी आम्ही लवकर गेलो आणि बाईंना हे सगळं ऐकवलं, तानपुऱ्यासकट. बास लीडर खुर्च्या मांडत होता, तोही येऊन उभा राहिला. बाईंनी डोळे मिटून ऐकलं.

"सापडलं," त्या म्हणाल्या. "देवा, हे कधीच सापडलं नसतं." मग बाबांना म्हणाल्या, "तुम्ही बरोबर आहात. आम्ही उतरलो. वाद्य नसलं की कोरस उतरतो, माझी अर्धी हयात त्याच्याशी झगडण्यात गेली. पण एकदा गाणं सुरू झालं की सूर माझ्या पाइपमध्ये राहत नाही. तो लीडच्या तोंडात असतो. लीड जिथे असेल तिथे बासने त्याच्या पायाखाली असायला पाहिजे."

"तो चुकीच्या जागी असला तरी?"

"गाणं संपेपर्यंत, हो. संपल्यावर मला येऊन सांगा, मी भांडणार नाही."

मी मध्ये पडले. "म्हणजे तीन जण चुकले तर चौथ्याने मुकाट्याने चुकायचं. हा कुठला न्याय?"

"मुकाट्याने नाही. गात," बास लीडर म्हणाला.

मला हे पटलं नाही, आणि खरं सांगायचं तर अजूनही पूर्ण पटलेलं नाही. सगळे मागणी खाली आणत असताना ती वर धरून ठेवणं हेच आमचं काम आहे. मोर्चात एकट्याने पुढे पळणाऱ्याला आम्हीच हाक मारून मागे बोलावतो, हे मला त्या क्षणी आठवलं नाही. आठवलं असतं तरी मी बोलले नसते. मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी मला साथ दिली असती तर त्या दिवशी आम्ही दोघांनी कोरस सोडला असता, मान ताठ ठेवून.

बाबांनी इअरबड काढला, डबीत ठेवला आणि डबी माझ्या पर्समध्ये टाकली.

"पुन्हा परीक्षा कधी?" त्यांनी बाईंना विचारलं.

"तुम्ही म्हणाल तेव्हा. स्पर्धेच्या आधी."

घरी येताना मी म्हटलं, "तुम्हाला हे पटलंय?"

"पटायचं नंतर बघू. तो कानात नसला की मला पायाखाली जमीन नसल्यासारखं वाटतं. आज तालमीत दोन गाणी तसा उभा राहिलो."

"मग सोडून द्यायचं का?"

"सोडायचं कोण म्हणालं?" बाबा म्हणाले. "गॅरेजमध्ये चल."

गॅरेजमध्ये मी लीड व्हायचं आणि मुद्दाम उतरायचं, बाबांनी माझ्याबरोबर यायचं. मी उतरायचे. बाबा यायचे नाहीत. त्यांना यायचं असायचं, मानेच्या शिरा फुगायच्या, पण आवाज खांबासारखा उभा. पुण्यात ज्या गोष्टीसाठी गुरुजींचा ओरडा खाल्ला ती आता मुद्दाम करायची होती. चिडून ते माझ्यावर ओरडायचे, "किती बेसूर गातेस गं तू." मी म्हणायचे, "तेच तर काम दिलंय मला." आम्ही रोज भांडायचो आणि रोज पुन्हा उभे राहायचो. आई कपडे मशीनला लावायला यायची तेव्हा आम्हाला ढकलून जायची.

एका रविवारी चर्च आटोपून बास लीडर थेट मनुरेवाहून आला. अंगात कोट, पायात जँडल, म्हणजे रबरी चपला. त्याने दोन ओळी ऐकल्या आणि म्हणाला, "केमिस्ट, तू फार ऐकतोस. ऐकू नको. टेक." त्याने बाबांना वळवलं आणि त्यांच्या पाठीला आपली पाठ लावली. "आता गा. मी जिकडे जाईन तिकडे पाठीत कळेल."

माझे बाबा कोणाला सहज हातसुद्धा लावत नाहीत. विमानतळावर मला निरोप देताना डोक्यावर टपली मारतात, तेवढंच. ते आधी अवघडून उभे राहिले, पाठ अर्धा इंच दूर. लीडर शांतपणे मागे सरकला. मग दोघं एकच खालचा सूर गायला लागले आणि तो माणूस फार हळूहळू उतरायला लागला. मी बाबांचा चेहरा बघत होते. मध्येच त्यांची भुवई उडाली. आवाज एकदा अडखळला, आणि मग तोही खाली गेला, त्याच्याबरोबर.

"काय झालं?" मी विचारलं.

"पाठीत झणझणत होतं," बाबा म्हणाले. "मी वर थांबलो की ते बंद होत होतं. मग मी गेलो खाली. ते परत आलं." आणि पुन्हा पाठ टेकवत म्हणाले, "परत एकदा."

तो माणूस संध्याकाळच्या जेवणापर्यंत थांबला. आईने त्याला पिठलं-भात वाढला. जाताना तो तिला म्हणाला, "तुमचा नवरा फार हट्टी आहे." आई म्हणाली, "तुम्ही आज आलात म्हणून तुम्हाला नवीन वाटतंय."

दुसरी परीक्षा स्पर्धेच्या आधीच्या मंगळवारी झाली. आमच्या दोन बॅरिटोनना सर्दी होती, म्हणून बाईंनी मला आत बोलावलं. बास लीडर दारातून म्हणाला, "परीक्षेला स्वतःची मुलगी चालते का नियमात?" बाई म्हणाल्या, "बॅरिटोन दुसरा असेल तर आण." लीड म्हणून कौन्सिलच्या ऑफिसात काम करणारी एक बाई होती आणि टेनर तिचा नवरा. स्वयंपाकघरात चौघं गोल करून उभे राहिलो. इतके जवळ की बाबांच्या शर्टाच्या इस्त्रीचा वास येत होता.

बाईंनी सूर फुंकला. बाबा एकदम थांबले, मान तिरकी केली. कोपऱ्यातला जुना फ्रिज घोंघावत होता, एका सुरात, न थांबता. माझ्याही लक्षात आलं. त्यांना कानात हवा असतो तसलाच एक सूर तिथे फुकटात चालू होता. मला वाटलं, ते आता त्याला धरतील आणि सगळं गॅरेज वाया जाईल.

"एक मिनिट," बाबा म्हणाले. भिंतीपाशी जाऊन त्यांनी फ्रिजचं बटण बंद केलं. "हां. आता."

"आत दूध आहे चहाचं," टेनर म्हणाला.

"गाणं लहान आहे," बाबा म्हणाले.

आम्ही गायलो. पहिलं कडवं जागेवर. दुसऱ्यात लीडवाली बाई जरा सैल झाली, मला कळलं, कारण माझा सूर जिथे ठेवायचा ती फट सरकली. मी तिच्याबरोबर गेले. टेनर आला. बाबा क्षणभर वर राहिले. त्यांची नजर माझ्यावर नव्हती, बाईंवरही नव्हती, लीडच्या ओठांवर होती. त्यांनी श्वास घेतला, सगळ्यांनी घेतला तेव्हाच, आणि पुढच्या शब्दावर ते आमच्या खाली येऊन उभे राहिले. मी ते अक्षरशः तळपायात ऐकलं. शेवटच्या ओळीवर चौघांचे सूर एकमेकांत मिसळले आणि वर कुठेतरी, कपांच्या फडताळाच्या आसपास, एक पाचवा बारीक आवाज आला. तो कोणीच गात नसतं. चार आवाज नीट बसले की तो आपोआप येतो, बार्बरशॉपवाले त्याच्यासाठी जीव टाकतात. मी तो तोवर फक्त लांबून ऐकला होता.

बाईंनी रेकॉर्डिंग बंद केलं.

"किती उतरलो आम्ही?" बाबांनी विचारलं.

बाईंनी पाइप फुंकला, सुरुवातीचाच सूर. चौघांनी एकदम तोंड वाकडं केलं.

"बरंच," बाई म्हणाल्या. "दुसरी रांग, डावं टोक. काळी पँट, काळे मोजे. जाकीट आम्ही देऊ. आणि हे रेकॉर्डिंग आज रात्री पाठवते, सगळ्यांचीच पाठवतेय आता."

बाबांनी आधी फ्रिज सुरू केला. मग म्हणाले, "थँक यू."

अल्बनीच्या त्या शाळेच्या हॉलमध्ये बाबा दुसऱ्या रांगेत डाव्या टोकाला, रेघांच्या जाकिटात उभे होते. जाकीट पोटावर घट्ट होतं. आई पाळी बदलून आली होती आणि सगळं गाणं फोनवर घेताना तिने चुकून स्वतःचाच चेहरा रेकॉर्ड केला. आमचा नंबर आला नाही. येईल असं कोणाला वाटलंही नव्हतं. बास लीडरने बाबांना सगळ्यांसमोर उचललं आणि बाबांनी उचलू दिलं.

परत येताना अपर हार्बरच्या पुलावर गाडी हळू होती. बाबा चालवत होते.

"दुसऱ्या कडव्यात उतरलो आपण," ते म्हणाले.

"मला तर छान वाटलं," आई मागून म्हणाली.

"छानच होतं. सगळे एकत्र गेलो, मीही गेलो. पण गेलो ना खाली. बाई म्हणाल्या होत्या, संपेपर्यंत बरोबर राहा, संपल्यावर येऊन सांगा. संपलं ते आता."

"काय सांगणार आहात?"

"की कोरस उतरतो तो श्वासामुळे. ओळीच्या शेवटी कोणाकडेच हवा उरत नाही. मी तीन आठवडे लीडच्या तोंडाकडे बघत उभा आहे, मला दिसतंय. आधी दहा मिनिटं नुसता एक सूर धरून उभं केलं पाहिजे सगळ्यांना, रोज, मग गाणी." त्यांनी इंडिकेटर दिला. "मंगळवारी लवकर निघू. खुर्च्या लागायच्या आधी त्यांना गाठायचंय."